यापुढे नोकरीला लागणाऱ्यांचे काय?

मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर गेले. त्या वेळी त्यांच्यावर चिडलेल्यांत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले बरीच होती. निम्म्या पगारावर, पेन्शनशिवाय काम करायला आपण तयार असल्याचे त्यांच्यातले काही उघड सांगत होते. निवृत्त मंडळींचा सूर वेगळा होता: पोरांना कष्ट नकोत, खुर्ची हवी, कर भरायचा पत्ता नाही आणि मागण्या मात्र हजार; कर भरत नाहीत तर मत तरी कशाला? हे भांडण म्हातारे विरुद्ध तरुण असे रंगवले गेले, ते मला पटत नाही. संपावर गेलेल्यांत पेन्शनचा प्रश्न ज्यांचा होता, ते १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेले, म्हणजे बहुतेक विशी-तिशी-चाळिशीतलेच कर्मचारी होते. त्यांच्या विरोधात बोलणारी मुले त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान. दोघांच्याही वाट्याला एकाच पद्धतीने कमी आले आहे.

ती पद्धत अशी की खर्च कमी करायचा, पण जे आधीच आत आहेत त्यांना हात लावायचा नाही. एक तारीख ठरवायची आणि नवा नियम ‘यापुढे लागणाऱ्यांसाठी’ असे लिहायचे. २००५ मध्ये राज्याने जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली ती अशीच. ३१ ऑक्टोबरपर्यंत रुजू झालेल्याला शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे आणि वर महागाई भत्ता, तर दुसऱ्या दिवशी रुजू झालेल्याला अंशदायी योजना, म्हणजे पगारातून कापलेल्या आणि सरकारने घातलेल्या हिश्श्याच्या साठ्यावर अवलंबून असलेली पेन्शन. शाळांत हे त्याआधीच, २००० मध्ये, शिक्षणसेवक योजनेने झाले होते. वर्ग तोच, पुस्तक तेच, तासिकाही तेवढ्याच, पण नव्याने आलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकला महिना ६ हजार, माध्यमिकला ८ हजार, उच्च माध्यमिकला ९ हजार असे हे मानधन वर्षानुवर्षे होते. २०२३ मध्ये ते अनुक्रमे १६, १८ आणि २० हजार झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी कामांसाठी बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय आला. मुले रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावीला ६ हजार, आयटीआय वा पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन. मुदत सहा महिने, नंतर पाच महिन्यांची वाढ. मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी घरी आणि कार्यालयातली जागा पुन्हा रिकामी.

राज्यकर्त्यांच्या दृष्टीने असा निर्णय स्वस्त पडतो, कारण ज्याचे कापायचे तो अजून कुठल्याच यादीत नसतो. तो संघटनेचा सभासद नाही, हजेरीपटावर नाही, वाटाघाटीच्या टेबलावर नाही. संघटनेला आपल्या सभासदांचे राखायचे असते, सरकारला पैसे वाचवायचे असतात. दोघांचे जुळते ते तिसऱ्याच्या जिवावर. आणि तो तिसरा पाच-सात वर्षांनी आत आला की स्वतःच्या हक्कासाठी संप करतो. बाहेर उभा असलेला चौथा त्याला आपमतलबी म्हणतो.

पेन्शनचाच हिशेब पुढे नेऊ. राज्य लोकसेवा आयोगाच्या बहुतेक पदांसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. जाहिरात रखडली, निकाल न्यायालयात अडकला, नियुक्तीपत्राला वर्ष लागले की मुलांचे रुजू होण्याचे वय आपोआप पुढे सरकते. राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या निवृत्तीचे सर्वसाधारण वय ५८. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने स्वीकारलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन मिळण्यासाठी २५ वर्षांची सेवा लागते. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात पेन्शन कमी. अडतिसाव्या वर्षी लागलेल्याची सेवा होते २० वर्षे, म्हणजे ५० ऐवजी ४० टक्के. त्रेचाळिसाव्या वर्षी लागलेल्याची १५ वर्षे, म्हणजे ३० टक्के. वयोमर्यादा वाढवून मिळाली म्हणून मुले पेढे वाटतात, पण त्या वाढीची किंमत त्यांच्या म्हातारपणातून वळती होणार आहे, हे त्या आनंदात कुणी सांगत नाही. दुसरीकडे अधिकाऱ्यांची संघटना निवृत्तीचे वय ६० करण्याची मागणी करते आणि विद्यार्थी त्याला विरोध करतात. जागा अडतील ही त्यांची भीती खरी आहे. पण भरती दर वर्षी ठरल्या तारखेला झाली असती तर या दोन मागण्या एकमेकींच्या उरावर बसल्याच नसत्या.

खासगी क्षेत्रातल्या म्हाताऱ्यांची स्थिती पाहिली की वयाची ही मांडणी किती पोकळ आहे ते कळते. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १ हजार रुपये आहे. कारखान्यात, सूतगिरणीत, एसटीत, सहकारी संस्थांत उभे आयुष्य घालवलेली माणसे त्यासाठी आंदोलने करत आली आहेत. सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. पगाराची मर्यादा १५ हजार. दहा वर्षांच्या सेवेला महिना २,१४३ रुपये, ३५ वर्षांच्या सेवेला ७,५००. आज कंत्राटावर काम करणाऱ्या मुलाचे मोठे नुकसान इथेच होते. दर अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो, मुलगा फॉर्म १०-सी भरून पेन्शनची रक्कम काढून घेतो, आणि त्याबरोबर सेवेची वर्षेही पुसली जातात. दहा वर्षे भरली नाहीत तर मासिक पेन्शन नाही. त्याच फॉर्मवर पैसे न काढता झालेल्या सेवेची नोंद ठेवणारे योजना प्रमाणपत्र घेता येते, किंवा यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा सदस्य क्रमांक, तोच ठेवून खाते नव्या मालकाकडे वर्ग करता येते. मग वर्षे जोडली जातात. हे त्याला सांगणारे कुणी नसते, कारण त्याच्या कामाच्या जागी संघटनाच नसते.

आता कराचे. विद्यार्थी आणि नवखे नोकरदार प्राप्तिकर भरत नाहीत, हे बहुतांशी खरे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही, तेव्हा वीस हजार कमावणाऱ्याने तो भरण्याचा प्रश्न येत नाही. पण कर म्हणजे फक्त प्राप्तिकर नव्हे. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे. क्लासच्या फीवर १८ टक्के आहे. १ लाखाच्या फीवर १८ हजार, आणि ते मुलाच्या बापाने सोयाबीन विकून आणलेले असतात. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यावर व्हॅट आणि केंद्राचे उत्पादन शुल्क. वसतिगृह आणि खोलीभाड्याला जुलै २०२४ पासून सवलत मिळाली, दरमहा माणशी २० हजारांपर्यंत आणि सलग ९० दिवस राहिल्यास, हे मान्य केले पाहिजे.

सगळ्यात अन्यायाचा आहे तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुषाचा मासिक पगार १० हजारांच्या वर गेला की महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, वर्षाला २,५००. पगार ११ हजार असो की ३ लाख, रक्कम तीच. घटनेच्या २७६ व्या कलमाने वर्षाला अडीच हजारांची कमाल घातली आहे आणि ती १९८८ पासून हललेली नाही. वरच्या टोकाकडून जास्त घेता येत नाही म्हणून खालच्या टोकाकडून तेवढेच घ्यायचे, हा कसला न्याय? महिलांना एप्रिल २०२३ पासून २५ हजारांपर्यंत या करातून सूट आहे आणि ती योग्य आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींनाही सूट आहे. मग पहिल्या नोकरीतल्या पंचवीस हजारांच्या आतल्या मुलालाही ती द्यायला काय हरकत आहे? त्यासाठी घटना बदलावी लागत नाही, राज्याच्या कायद्याचे परिशिष्ट बदलले की पुरे.

या कराचा जन्म मात्र आठवण्यासारखा आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि तिला पैसा पुरवण्यासाठी १९७५ मध्ये हा व्यवसाय कर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराने भरायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि खेड्यातल्या रिकाम्या हातांना काम द्यायचे. ज्याच्याकडे नोकरी आहे त्याने, नोकरी नसलेल्याच्या कामासाठी. पिढ्यांमधल्या आजच्या ताणाला उत्तर शोधताना बाहेरचे दाखले हवेत कशाला? व्यवसाय कराच्या रकमेतला काही हिस्सा कायद्याने बांधून नव्या पदवीधरांच्या पगारी, मुदतीच्या आणि सेवेत धरल्या जाणाऱ्या शिकाऊ उमेदवारीसाठी ठेवा. निवडणुकीच्या तोंडावर घाईने काढलेल्या विद्यावेतनापेक्षा ते टिकेल.

शैक्षणिक कर्जाचे गणितही मोठ्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ६ लाखांचे कर्ज घेतले, दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख उचलले, व्याज १० टक्के. अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, पण व्याज चालू असते. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन: सरळव्याजाने २ लाख १० हजार. ते मुद्दलात मिळवले जाते, आणि दहा वर्षांच्या फेडीला ८ लाख १० हजारांवर महिना साधारण १०,७०० रुपये हप्ता बसतो. शिक्षणसेवकाच्या २० हजारांतून हा हप्ता वजा करून पाहा. प्राप्तिकरात या व्याजाची वजावट मिळते, ती फक्त जुन्या करप्रणालीत आणि आठ वर्षे. शिवाय ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याला तिचा उपयोग शून्य. सहकर्जदार म्हणून सही वडिलांची असते. हप्ता चुकला की दोघांचीही पत खराब होते आणि पुढे पीककर्जाच्या वेळी ते आडवे येते.

‘कर भरत नाहीत तर मत कशाला’ हा युक्तिवाद या देशात एकदा चालवून झालेला आहे. १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांखाली मताधिकार मुख्यतः शेतसारा, मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्यावर बांधलेला होता, त्यामुळे बहुसंख्य लोक त्याबाहेर राहिले. घटनेच्या ३२६ व्या कलमाने ती अट मोडली, आणि ६१ व्या दुरुस्तीने मार्च १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. जुन्या विचाराचा एक अवशेष अजून शिल्लक आहे तो विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांत. नावावरून वाटेल की तिथे तरी नव्या पदवीधराचा आवाज असेल. प्रत्यक्षात अट अशी की १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी, म्हणजे पात्रता मोजण्याच्या तारखेपूर्वी, पदवीला किमान तीन वर्षे झालेली हवीत. जून २०२४ मध्ये पदवी घेतलेल्याला नोव्हेंबर २०२७ च्या यादीपर्यंत थांबावे लागणार. शिवाय ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, १८ नंबरचा फॉर्म पुन्हा भरावा लागतो. नोकरीच्या शोधाची जी पहिली तीन वर्षे सगळ्यात कठीण, नेमकी तीच वगळलेली.

पण विधानसभा आणि महापालिकेच्या यादीत अठराव्या वर्षी नाव घालता येते, आणि इथे मात्र दोष एकट्या सरकारवर टाकून चालणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यसेवा परीक्षेचा नवा, वर्णनात्मक पॅटर्न पुढे ढकलावा म्हणून पुण्यात मोठे आंदोलन झाले. मोठमोठे नेते मुलांना भेटायला आले, आयोगाने नवा पॅटर्न २०२५ पासून लागू करण्याचे जाहीर केले. त्याच दिवसांत, त्याच पेठांत कसबा मतदारसंघाची पोटनिवडणूक चालू होती. रस्ता भरून बसलेल्या त्या गर्दीतल्या बहुतेकांचे नाव कसब्याच्या यादीत असण्याचे कारण नव्हते; ते होते परभणीच्या, धाराशिवच्या, यवतमाळच्या यादीत. पाणी इथले, रस्ते इथले, अभ्यासिकेला आग लागली तर बंब इथला, भाडे इथले, जीएसटी इथे भरलेला, आणि मत चारशे किलोमीटरवर.

तिकडे जाऊन मत द्यायला काय लागते? २०२४ च्या लोकसभेला परभणीचे मतदान २६ एप्रिलला, लातूरचे ७ मेला आणि पुण्याचे १३ मेला होते. मतदाराला भरपगारी सुटी देण्याची तरतूद १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५-बी कलमात आहे. पण ठेकेदाराकडे काम करणाऱ्या मुलाने ‘माझे मतदान आज लातूरला आहे’ असे सांगून सुटी मागितली तर मिळेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे. सुटी मिळाली तरी जाण्यायेण्यात दोन रात्री आणि हजार-दीड हजार रुपये. ८५ वर्षांवरील नागरिकांना १२-डी फॉर्म भरून घरून मतदान करता येते, आणि ती सोय असायलाच हवी. स्थलांतरितांसाठीच्या दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना दाखवायचे ठरले होते. पक्षांच्या विरोधामुळे ते तिथेच थांबले.

म्हणून राहतो तिथे नाव नोंदवणे हाच उपाय उरतो, आणि तो कायद्याने उपलब्ध आहे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आई-वडिलांच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी कुठेही नाव ठेवण्याची मुभा निवडणूक आयोगाने दिली आहे. प्राचार्यांचा किंवा कुलसचिवांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. अडचण अशी की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान वर्षभराचा हवा. खासगी क्लास लावून कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक कॉट भाड्याने घेऊन, राहणारा मुलगा यात बसत नाही. त्याला इतरांसारखाच पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो: नोंदणीकृत भाडेकरार, बँकेचे पासबुक, वीजबिल. कॉट बेसिसवर करार कुणी करत नाही. पुण्यात तर घरमालकाला वेगळीच धास्ती असते. स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे. भाडेकरूचे नाव त्या पत्त्यावर मतदार यादीत लागले तर सवलत जाईल, या भीतीने मतदान केंद्रस्तरीय अधिकारी पडताळणीसाठी दारात आला की ‘इथे असं कुणी राहत नाही’ हे उत्तर तयार असते. अर्ज तिथेच बाद. पेन्शनीतून घर बांधलेले, वरच्या मजल्यावर चार कॉट टाकलेले काका आणि त्या कॉटवरचा मुलगा, दोघांचे हितसंबंध मतदार यादीच्या एका ओळीवर असे भिडतात. महापालिकेने एवढे जाहीर केले की मतदार यादीतली नोंद मिळकतकराच्या कारवाईसाठी वापरली जाणार नाही, तर हा अडथळा बराच सैल होईल. आणि आयोगाने नोंदणीकृत अभ्यासिकांचा दाखला रहिवासाच्या पडताळणीसाठी धरावा.

याला एक रास्त आक्षेप आहे. चार वर्षांनी निघून जाणाऱ्याने इथला नगरसेवक का ठरवायचा? माझे उत्तर असे की त्या खोल्यांत मुले बदलतात, पण खोल्या रिकाम्या राहत नाहीत. पेठांतल्या त्या वस्तीला कायम कुणीतरी विचारले पाहिजे. उलट ज्याला शिकून गावातच परतायचे आहे, ज्याच्या घरचे पाणी ग्रामपंचायतीवर अवलंबून आहे, त्याने नाव गावातच ठेवावे. ग्रामपंचायतीत दोन-चार मतांनी निकाल फिरतो. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र गुन्हा आहे. खोट्या प्रतिज्ञापनाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि चूक नेमकी इथेच होते. गावात नाव असताना मुले पुण्यात नव्याने ६ नंबरचा फॉर्म भरतात. तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी असतो. आधी नाव असेल तर ८ नंबरचा, ‘निवासस्थान बदल’ हा पर्याय निवडून. मग जुनी नोंद निघून नव्या ठिकाणी येते आणि ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो.

वेळेचेही गणित आहे. पूर्वी वर्षात एकच अर्हता तारीख होती, १ जानेवारी. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्ज देता येतो. तरीही स्थानिक निवडणुकीत याचा फायदा निसटतो, कारण राज्य निवडणूक आयोग एक ठरावीक दिवसाची विधानसभेची यादी उचलतो. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये, १ जुलै २०२५ च्या यादीवर. अठराव्या वर्षी, २०२२ च्या जूनमध्ये शहरात आलेला मुलगा २०२५ मध्ये एकवीस वर्षांचा होऊन तीन वर्षांची पदवी घेऊन निघाला, तोवर शहरात प्रशासक होता. त्याने यादीत नाव घातले असते तरी नगरसेवक निवडता आला नसता. ज्यांनी ही चार वर्षे जाऊ दिली त्यांनी तरुणांच्या मतदानाविषयीच्या उदासीनतेवर भाषणे देऊ नयेत.

मे-जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल लागतात, जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश होतात. प्रवेश अर्जाच्या गठ्ठ्यात जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, अँटी-रॅगिंगचे हमीपत्र असते. त्यातच ६ किंवा ८ नंबरचा फॉर्म आणि प्राचार्यांचा दाखला घालायला महाविद्यालयांना वेगळा खर्च नाही. मुलांनी अर्ज केल्यावर मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेवावा, केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचा फोन नंबर निवडणूक आयोगाच्या पोर्टलवरून काढून तो घरी येण्याआधी स्वतः फोन करावा, आणि महिन्याभराने यादीत नाव खरोखर आले का ते ओळखपत्राच्या क्रमांकाने तपासावे. अर्ज ‘स्वीकृत’ दिसणे आणि यादीत नाव छापले जाणे यांत आठवडे जातात. निवडणूक जाहीर झाल्यावर जाग आली तरी उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत विधानसभा-लोकसभेसाठी अर्ज करता येतो. महापालिका आणि जिल्हा परिषदेसाठी तोवर यादी केव्हाच गोठलेली असते.